पहिल्या विद्युत ध्वनिमुद्रिका: मेणात काय उमटलं आणि आपण काय ऐकतो

एडवर्ड एल्गारचा चेलो कन्चर्टो बिअ‍ॅट्रिस हॅरिसन या वादिकेने खुद्द एल्गारच्या संचालनाखाली दोनदा ध्वनिमुद्रित केला. पहिल्यांदा १९१९-२० मध्ये, कर्ण्यासमोर बसून, बरीच काटछाट करून. दुसऱ्यांदा १९२८ मध्ये, मायक्रोफोनसमोर, संपूर्ण. वादिका तीच, संगीतकार तोच, कंपनीही तीच. मधे गेली ती जेमतेम आठ-नऊ वर्षं. दोन्ही लागोपाठ ऐका. जुन्या मुद्रणात चेलोचा सूर ओळखू येतो, बोटांची हालचालही कळते, पण त्यामागचा वाद्यवृंद म्हणजे एक पातळ, नाकातला गलबला आहे. नव्या मुद्रणात सुरुवातीच्या स्वरसंघातांना वजन आहे, खालच्या तारेवर गज घासल्याची खरखर आहे. त्यानंतर व्हायोला एकट्याच मुख्य सुरावट घेऊन येतात, तेव्हा त्या कुठल्या तरी मोठ्या दालनात, काही अंतरावर बसल्या आहेत हे कानाला पटतं. हे अंतर ऐकू येणं हीच विद्युत ध्वनिमुद्रणाची सर्वांत मोठी कमाई, असं माझं मत आहे.

या विषयावरच्या लेखनात सहसा एकच गोष्ट सांगितली जाते: १९२५ साली मायक्रोफोन आला, आवाज मोठा झाला, स्पष्ट झाला, कर्ण्याचं युग संपलं. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यात फार घाई आहे. १९२५ च्या तबकड्या आणि १९३२ च्या तबकड्या यांत जो फरक आहे तो कर्ण्याच्या शेवटच्या आणि मायक्रोफोनच्या पहिल्या तबकड्यांतल्या फरकापेक्षा फारसा कमी नाही. यंत्र एका वसंत ऋतूत बदललं, ते वापरायची कला शिकायला पुढची सात-आठ वर्षं लागली. आणि त्या तबकड्यांच्या खाचांत जे आहे त्यातलं बरंचसं आज आपल्या कानापर्यंत पोचतच नाही, याला आजची पुनर्मुद्रणं जबाबदार आहेत.

आधी कर्ण्याबद्दल. त्या पद्धतीत कुठलीही बाहेरची शक्ती नव्हती. गाणाऱ्याच्या श्वासाचा जोर कर्ण्यातून पातळ पडद्यावर जायचा, पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीत खाच कोरायची. मेण कापायला लागणारी सगळी ताकद आवाजातूनच यायला हवी. म्हणून गाणाऱ्याने तार स्वराला मागे सरकायचं, खर्जाला कर्ण्यात तोंड घालायचं. व्हायोलिनचा आवाज पुरत नाही म्हणून त्याला पत्र्याचा कर्णा लावलेलं स्ट्रो व्हायोलिन वापरायचं, आणि डबल बास मेणावर उमटतच नाही म्हणून त्याच्या जागी ट्यूबा बसवायचा. एवढं करून हाती लागायचा तो साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्‌झचा पट्टा. पुरुषगायकाचा मधल्या सप्तकातला षड्ज दीडशेच्या आसपास असतो. म्हणजे त्याचा मूळ स्वर गाळून वरचे उपस्वर तेवढे पोचत आणि उरलेलं ऐकणाऱ्याचा मेंदू भरून काढी. ऑपेरागायक कारुसोचा आवाज कर्ण्यावर छान का उमटला, याचं उत्तर इथे आहे: त्याच्या आवाजाचं तेज नेमकं त्या पट्ट्यात होतं. सिम्फनीचं तसं नव्हतं.

सुटका टेलिफोनवाल्यांनी केली. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या संभाषणासाठी जे संशोधन चाललं होतं, त्यातून ई. सी. वेंट याचा कंडेन्सर मायक्रोफोन निघाला (१९१७), निर्वात नळीचे भरवशाचे अ‍ॅम्प्लिफायर निघाले. जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन या दोघांनी ते सगळं मेण कापणाऱ्या यंत्राला जोडलं. त्यांची खरी करामत मात्र जोडणीत नव्हती. कंप पावणाऱ्या यांत्रिक भागांचा हिशेब विजेच्या मंडलासारखा मांडता येतो, हे त्यांनी वापरून दाखवलं. वस्तुमान, लवचीकपणा आणि घर्षण यांना विजेच्या मंडलातल्या तीन घटकांच्या जागी बसवलं की कुठल्या वारंवारतेला काय होणार हे आधीच मांडता येतं. त्यांच्या कापणीयंत्राच्या टोकाला रबराची एक लांब दांडी होती. कंपनं तिच्यात शिरत आणि विरून जात. परत उलटून सुईवर येत नसत. त्याआधीचं प्रत्येक कापणीयंत्र स्वतःच्या एखाद्या लाडक्या सुरावर थरारत असे. हे यंत्र थरारेनासं झालं. पट्टा रुंदावला, साधारण शंभर ते पाच हजार हर्ट्‌झ. खाली सव्वा सप्तक, वर एक सप्तक.

हाच हिशेब त्यांनी वाजवण्याच्या यंत्रालाही लावला, आणि १९२५ च्या नोव्हेंबरात व्हिक्टर कंपनीने ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला बाजारात आणला. त्याच्या लाकडी कपाटात घडी घालून बसवलेला लांबलचक कर्णा होता. या यंत्राला वीज लागत नव्हती, किल्ली देऊनच ते चाले. विद्युत युगातलं सर्वांत गोड वाजणारं पहिलं यंत्र पूर्णपणे यांत्रिक होतं.

विद्युत मुद्रणाचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. लंडनमध्ये लायोनेल गेस्ट आणि होरेस मेरीमन यांनी ११ नोव्हेंबर १९२० रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधला अज्ञात सैनिकाचा दफनविधी टेलिफोनच्या तारांवरून बाहेर आणून मुद्रित केला. ती तबकडी विक्रीला आली, पण तिचं मोल ऐतिहासिकच. शिकागोत ऑर्लँडो मार्श १९२४ मध्ये ऑटोग्राफ नावाच्या लेबलवर स्वतःच्या विद्युत पद्धतीने जॅझ मुद्रित करत होता. जेली रोल मॉर्टन आणि किंग ऑलिव्हर यांच्यामुळे त्या तबकड्या शोधल्या जातात. आवाजासाठी म्हणाल तर कित्येक चांगली कर्णामुद्रणं त्यांच्यापेक्षा सरस आहेत.

वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चाचणी तबकड्या ब्रुकलिनमधल्या पाथेच्या कारखान्यात छापल्या जात होत्या. तिथून त्यांच्या प्रती लंडनला कोलंबियाच्या लुई स्टर्लिंगपर्यंत पोचल्या. त्याने त्या ऐकल्या आणि डिसेंबर १९२४ मध्ये थेट न्यूयॉर्क गाठलं. परवाना अमेरिकन कंपनीलाच मिळणार म्हटल्यावर त्याने अमेरिकन कोलंबिया विकतच घेतली. माणसाने कानांवर एवढा विश्वास ठेवल्याची उदाहरणं या धंद्यात फार नाहीत. व्हिक्टरनेही परवाना घेतला. पुढे दोन्ही कंपन्यांनी बराच काळ जाहिरात टाळली, कारण गोदामं जुन्या पद्धतीच्या तबकड्यांनी भरलेली होती.

२१ मार्च १९२५ रोजी कॅम्डेनमध्ये आल्फ्रेड कोर्तो याने व्हिक्टरसाठी शोपँ आणि शूबर्ट वाजवला. रेड सील मालिकेतली ती पहिली विद्युत तबकडी. दहा दिवसांनी, ३१ मार्चला, कोलंबियाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये कित्येक गायनमंडळांना एकत्र करून शेकडो पुरुषांच्या कंठातून ‘आदेस्ते फिदेलेस’ मुद्रित केलं. या दोन तबकड्यांत पुढच्या सात-आठ वर्षांचा सगळा झगडा दिसतो. कोर्तोचा पियानो जवळून, कोरड्या खोलीत घेतला आहे: स्वर स्वच्छ, पण पेटीत कोंडल्यासारखे. ऑपेरा हाउसच्या तबकडीत शब्द पुसट आहेत, पण अफाट जागा आहे. कर्ण्यासमोर आठ-दहा जण गायले काय आणि ऐंशी गायले काय, फार फरक पडत नसे; इथे पहिल्यांदाच जमाव जमावासारखा ऐकू आला. स्पष्टता आणि जागा, दोन्ही एकाच वेळी कशा साधायच्या, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांच्या तबकड्या असमान आहेत, आणि त्यांच्यावर त्या काळी झालेली टीका बरीचशी रास्त होती. ‘द ग्रामोफोन’ मासिकाचा संपादक कॉम्प्टन मॅकेन्झी याला नव्या पद्धतीतले ‘स’कार खुपले, तिचा कर्कशपणा खुपला. त्याला उगीच जुन्याचा अभिमानी ठरवण्यात अर्थ नाही. वेंटच्या मायक्रोफोनच्या पडद्यापुढे एक उथळ पोकळी होती आणि तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचे आवाज ती फुगवत असे. कानाला सर्वांत आधी टोचतो तो नेमका हाच भाग. त्यात तंत्रज्ञांना कर्ण्याच्या काळची सवय: कलावंतांना दाटीवाटीने जवळ बसवायचं. त्यात घरोघरी जुनी जड ध्वनिपेटी, जिला नव्या खाचांतला खर्ज पेलत नसे. ब्रन्सविक कंपनीने जनरल इलेक्ट्रिककडून घेतलेली, आरशावरून परतलेल्या प्रकाशाच्या झोतावर चालणारी ‘लाइट-रे’ पद्धत तर याहून खडबडीत होती आणि शेवटी ती सोडून द्यावी लागली.

सुधारणा झाली ती मायक्रोफोन हलवून. व्हिक्टरने कॅम्डेनमध्ये घेऊन ठेवलेल्या जुन्या चर्चच्या इमारतीत मुद्रणं होऊ लागली. फॅट्स वॉलरचा ऑर्गन तिथलाच. लंडनमध्ये एचएमव्हीचे लोक क्वीन्स हॉल आणि किंग्जवे हॉलमध्ये जाऊ लागले, मग मोटारीत यंत्र घालून गावोगावच्या चर्चांत पोचले. १९२७ मध्ये टेम्पल चर्चमध्ये अर्नेस्ट लफ या किशोराने मेंडेल्सोनचं ‘हिअर माय प्रेअर’ गायलं. त्या तबकडीत दोन वेगळी अंतरं ऐकू येतात. मुलाचा आवाज जवळ आहे, त्याला कुठेही जोर लावावा लागलेला नाही. प्रत्येक ओळ संपली की दगडी भिंतींवरून तोच आवाज मागाहून येतो, आणि त्याही मागे ऑर्गनचा खर्ज आहे. ही तबकडी अफाट खपली. लोकांनी गाणं विकत घेतलं हे खरं, पण त्या गाण्यासोबत एक इमारत घरी आली, आणि ती कर्ण्याच्या तबकडीतून कधीच आली नसती. वारंवारतांचा पट्टा १९२५ चाच होता. बदलली होती ती ऐकण्याची जागा.

दरम्यान तबकडीच्या पृष्ठभागाचा प्रश्न उरलाच होता. ज्या लाखेपासून जगभरच्या तबकड्या बनत ती मुख्यत्वे भारतातून, छोटा नागपूर आणि बंगालच्या बाजूने जाई. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळत, कारण पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी लागे. सुईला घासणारी पूड म्हणजेच तो परिचित सळसळाट. कर्ण्याच्या काळी वरचे सूर नव्हतेच, त्यामुळे यंत्र वरच्या पट्टीला बहिरं असलं तरी चालत होतं. आता वरचे सूर हवे तर सळसळाटही ऐकावा लागणार. कोलंबियाने यावर सर्वांत चांगला उपाय आधीच काढला होता: आतला गाभा भरड, वरचा थर तलम. त्यामुळे विसाच्या दशकाच्या शेवटच्या कोलंबिया तबकड्या आजही शांत वाजतात, तर त्याच काळातल्या इंग्लिश एचएमव्हीचं संगीत सुंदर आणि पृष्ठभाग खरखरीत, असं वारंवार आढळतं.

१९२९ मध्ये कोलंबियाने अ‍ॅलन ब्लुमलाइन नावाचा तरुण अभियंता घेतला. वेस्टर्न इलेक्ट्रिकला प्रत्येक तबकडीमागे रॉयल्टी द्यावी लागे. त्यांच्या पेटंटांना वळसा घालणारं यंत्र हवं, एवढंच काम त्याला दिलं होतं. त्याने रबराची दांडी काढून टाकली, फिरतं वेटोळं वापरून विजेनेच सुईचा थरार आवरला आणि मूळ यंत्राहून सरस यंत्र बनवलं. कोलंबिया आणि एचएमव्हीची ग्रामोफोन कंपनी १९३१ मध्ये एकत्र येऊन ईएमआय झाली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला अ‍ॅबी रोडचे स्टुडिओ एल्गारच्याच हस्ते सुरू झाले. पुढच्या जुलैत तिथे सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युहिनने एल्गारचा व्हायोलिन कन्चर्टो वाजवला. त्यात मोठ्या वाद्यवृंदाच्या ऐन भरातही व्हायोलिन चिरकत नाही. कर्णा गेल्यापासून जी गोष्ट सतत खटकत होती, म्हणजे आवाज चढला की तो फाटणं, ती इथे पहिल्यांदा आटोक्यात आलेली दिसते. माझ्या मते विद्युत ध्वनिमुद्रण प्रौढ झालं ते या सुमाराला. हातात त्या काळची एचएमव्ही तबकडी आली तर लेबलाभोवतीच्या काळ्या पट्टीत तिरपा प्रकाश टाकून पाहावं: क्रमांकाच्या शेवटी बारीक त्रिकोण असेल तर मुद्रण वेस्टर्न इलेक्ट्रिकचं, चौकोन असेल तर ब्लुमलाइनच्या पद्धतीचं.

याच काळात एक चुकीची वाटही चोखाळली गेली. १९३२ मध्ये व्हिक्टरने कारुसोची जुनी कर्णामुद्रणं घेऊन त्यांवर नवा वाद्यवृंद विद्युत पद्धतीने चढवला. गायक एका जागी, वाद्यं दुसऱ्याच जागी. खपासाठी जागेशी केलेली ही तडजोड कानाला आजही पटत नाही.

आपल्याकडे विद्युत ध्वनिमुद्रण पोचलं विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि इथे त्याने वेगळंच काहीतरी दिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गायलं आणि तीसच्या दशकात, आयुष्याच्या अखेरीस, ओडियनसाठी मायक्रोफोनसमोर. त्यांचा आवाज बारीक, टोकदार, सुरात रुतलेला. तसा तो कर्ण्यालाही मानवणारा. तरी जुन्या मुद्रणांत त्यांची घाई जाणवते, आवाज सतत पुढे लोटलेला आहे. ओडियनच्या तबकड्यांत ते स्वराला सोडतात, त्याला मावळू देतात. मावळणारा स्वर मेणापर्यंत पोचवायला विजेची मदत लागते. श्वासाच्या ताकदीवर मेण कापायचं तर स्वर मावळून चालत नाही. तबल्याचंही तसंच. कर्ण्याच्या तबकडीत तबला म्हणजे नुसती टकटक. डग्ग्याचा घुमारा, मनगटाने दाबून काढलेली मींड, हे सगळं शंभर हर्ट्‌झच्या आसपास वावरतं. मायक्रोफोन आला तेव्हाच ते आत आलं, आणि ठेक्याला जमीन मिळाली.

गळ्याच्या घडणीवरही याचा परिणाम झाला. संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे आणि कर्ण्याला फेकीचाच आवाज लागे, त्यामुळे नाट्यपदं तबकडीवर सहज गेली. हळू, बोलल्यासारखं, एकाच श्रोत्यासाठी गायचं म्हटलं तर त्याला जागा नव्हती. १९३२ मध्ये जी. एन. जोशी यांनी एचएमव्हीसाठी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायली आणि मराठी भावगीताला तबकडीवर पाय रोवता आले. भावगीत जन्मायला कविता लागली, चाल लागली, हे खरंच. पण आवाज न चढवता गायलं तरी चालतं, हा विश्वास मायक्रोफोनने दिला. अमेरिकेत ‘व्हिस्परिंग’ जॅक स्मिथ आणि जीन ऑस्टिन यांनी थोडं आधी हेच केलं होतं.

आता आजची अवस्था. इंटरनेटवर आणि सीडींवर या काळातलं संगीत मुबलक आहे, आणि त्यातलं पुष्कळ ऐकवत नाही. दोष तबकड्यांचा नाही. खर्जाच्या लाटा खाचेत फार रुंद पसरून शेजारच्या खाचेत घुसू नयेत म्हणून मुद्रण करताना सुमारे अडीचशे हर्ट्‌झखालचे सूर मुद्दाम दाबले जात; वाजवताना तेवढेच उचलावे लागतात. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरांत मात्र पन्नाशीच्या दशकात लाँगप्लेसाठी ठरलेला आरआयएए आलेख बसवलेला असतो. त्यात खर्ज पाचशे हर्ट्‌झपासून उचलला जातो, आणि दहा हजार हर्ट्‌झला आवाज जवळजवळ चौदा डेसिबलने खाली येतो. त्यातून १९२८ ची तबकडी वाजवली तर ती गढूळ आणि बोजड वाजणारच. मग म्हणायचं, जुनं मुद्रण असंच असतं. सुईचंही तेच. लाँगप्लेची सुई या रुंद खाचेच्या तळाशी, धुळीतून जाते. इथे तिच्या तिप्पट जाडीचं टोक लागतं.

वेगाची गोष्ट आपल्या संगीताला सर्वांत जास्त झोंबते. ७८ हा आकडा सगळीकडे छापला गेला, पण इंग्लिश कोलंबियाने कित्येक वर्षं ८० फेऱ्यांवर मुद्रण केलं. ८० ची तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. भारतीय तबकड्यांचा वेगही सर्वत्र सारखा नव्हता. गायकाची पट्टी काळी दोन की काळी तीन, यावर आपल्याकडे गंभीर चर्चा होते, आणि ती कित्येकदा चुकीच्या वेगाने वाजवलेल्या तबकडीच्या आधारावर होते.

सर्वांत मोठं नुकसान मात्र सफाईच्या हौसेने होतं. सळसळाट काढण्याच्या संगणकीय पद्धती आता स्वस्त झाल्या आहेत, आणि त्या बेफाम वापरल्या जातात. सळसळाट जिथे राहतो तिथेच गजाची खरखर, ‘स’काराची कड आणि दालनातली हवा राहते. पृष्ठभाग पूर्ण शांत केला की ही हवाही जाते, आणि उरतो पाण्याखालून आल्यासारखा एक आवाज. वॉर्ड मार्स्टन आणि मार्क ओबर्ट-थॉर्न यांच्यासारखे लोक चांगल्या प्रती निवडतात, टिचक्या काढतात आणि सळसळाट बराचसा तसाच राहू देतात. त्यांच्या पुनर्मुद्रणांत तो पहिल्या मिनिटानंतर कान स्वतःच बाजूला ठेवतो. भारतीय तबकड्यांना इतकी निगुतीची वागणूक क्वचितच मिळाली. अब्दुल करीम खाँसाहेबांची, केसरबाईंची पुनर्मुद्रणं ऐकताना कृत्रिम प्रतिध्वनी चढवलेला आढळतो, जणू मूळ खोली पुरेशी नव्हती. पुनर्मुद्रण प्रसिद्ध करणाऱ्याने किमान तीन गोष्टी वेष्टनावर छापाव्यात: तबकडी किती वेगाने वाजवली, सुई कुठली वापरली आणि खर्ज कुठून उचलला. आणि सफाई न केलेली मूळ प्रतही शेजारी उपलब्ध ठेवावी, म्हणजे ज्याला पट्टी तपासायची आहे, किंवा डग्ग्याचा घुमारा कुठे संपतो हे ऐकायचं आहे, त्याला ते करता येईल.